नांगराला जुनं काही लागलं, तर

महाराष्ट्रात जमिनीखालचं जुनं जग पहिल्यांदा पाहतो तो बहुतेक वेळा शेतकरी, गवंडी किंवा जेसीबीवाला. विहिरीचं खोदकाम, शेततळं, घराचा पाया, पाइपलाइनचा चर, रस्त्यासाठी मुरूम काढणं, अशा कुठल्याही कामात एखादा रांजण, गाडगंभर नाणी, मूर्ती, तांब्याची कुऱ्हाड किंवा हाडं भरलेलं मडकं वर येतं. पुढच्या तासाभरात त्या वस्तूचं काय व्हायचं ते ठरून जातं. कुठे नाणी वाटून घेतली जातात, कुठे मूर्तीला शेंदूर लावून तिला पारावर बसवतात, कुठे तांबं भंगारात जातं, तर कुठे ‘नसती भानगड नको’ म्हणून सगळं पुन्हा मातीआड केलं जातं. यात बहुतेकांचा हेतू वाईट नसतो. नेमकं काय करायचं, कुणाला सांगायचं आणि सांगितलं तर आपल्यामागे काय लागेल, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. ते सांगण्यासाठी हा लेख.

सगळ्याचं सार आधीच सांगतो: वस्तू आहे तिथेच राहू द्या आणि लगेच लेखी कळवा. का आणि कसं, ते पुढे.

जागा इतकी महत्त्वाची का?

अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे छबू लक्ष्मण भिल या शेतकऱ्याला खोदताना ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या. एक रथ, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा. त्याला दोन बैल जुंपलेले आणि आत उभा असलेला, वीतभर उंचीचा सारथी. सोबत हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्या वस्तू भरीव ओतीव. गेंडा आणि रेडा चाकांवर उभे आहेत. हत्तीच्या पायाखालच्या पाटाला आस अडकवायच्या कड्या आहेत, पण चाकं मात्र हरवली आहेत. भारतीय धातुकलेच्या कुठल्याही इतिहासात या चार वस्तूंना जागा द्यावीच लागते.

तरीही त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत झालेलं नाही. दायमाबादला उत्खनन केलेले म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूचं पृथक्करण तपासलं. त्यात आर्सेनिकचं प्रमाण एक टक्क्याहून जास्त निघालं आणि त्या काळातल्या इतर तांब्याच्या वस्तूंत असं मिश्रण आढळत नाही, म्हणून त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात असं मत त्यांनी मांडलं. हा वाद मिटत नाही याचं मुख्य कारण म्हणजे त्या वस्तू मातीच्या कोणत्या थरात, कोणत्या खापरांसोबत पडल्या होत्या, हे खोदतेवेळी कोणा जाणकाराला पाहता आलं नाही. शेजारी कोळशाचा एखादा तुकडा असता, तर त्यावरून कार्बन-१४ पद्धतीने काळाचा अंदाज आला असता. एखादं रंगवलेलं खापर असतं, तरी पुष्कळ उलगडा झाला असता.

दोष छबू भिल यांचा नाही. असं काही सापडल्यावर काय करावं, हे त्यांना सांगणारं तिथे कोणी नव्हतं. त्यांच्या हाताला लागल्या म्हणूनच त्या आज जगाला दिसतात. पण धडा स्पष्ट आहे. वस्तू संग्रहालयात पोहोचली तरी तिच्या भोवतीची माती, थर आणि शेजारच्या वस्तू एकदा विस्कटल्या की ती माहिती कोणतंही यंत्र परत आणू शकत नाही.

याची दुसरी बाजू शिरूर तालुक्यातल्या इनामगावात दिसते. घोड नदीकाठची ही ताम्रपाषाणयुगातली वस्ती डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक हंगाम, थर न थर नोंदवत खोदली. म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे की तिथले लोक प्रामुख्याने जव पिकवत, शेताला पाणी देण्यासाठी त्यांनी पाट काढला होता आणि दगावलेल्या लहान मुलांना ते दोन मडकी तोंडाला तोंड लावून घरातल्या जमिनीखालीच पुरत. यातलं काहीही सोन्याचं नव्हतं. जळके दाणे, मडकी, हाडं आणि मातीचा रंग एवढ्यावरून तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं गाव उभं राहिलं.

काय दिसलं तर थांबायचं?

जुनी वस्तू म्हणजे मूर्ती किंवा हंडाच, असं नाही. पुढच्या खुणा दिसल्या की हात आखडता घ्या.

पांढरीची माती. नदीकाठी, गावाबाहेर राखाडी-पांढरट, भुसभुशीत मातीचं टेकाड असेल आणि त्यात खापरं, हाडं, राख मिसळलेली असेल, तर तिथे जुनी वस्ती होती असं समजा. ही माती खत म्हणून शेतात टाकायला आणि घर सारवायला नेण्याची पद्धत जुनी आहे. तिच्यापायी अनेक टेकाडं निम्मी झाली. ट्रॉली भरण्यापूर्वी एकदा नीट पाहा.

खापरं. प्रत्येक खापर जुनं नसतं, पण जोर्वे पद्धतीचं खापर एकदा पाहिलं की विसरत नाही. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून त्याला हे नाव पडलं. पातळ, चांगलं भाजलेलं, तांबड्या रंगाचं, चकाकी नसलेलं, आणि त्यावर काळ्या रंगात आडव्या-तिरक्या रेघा किंवा जाळी. नखाने टिचकी मारली तर खणखणीत आवाज येतो. तोटीचे चंबू आणि कंगोरा असलेले वाडगे हे त्याचे नेहमीचे आकार. असं मूठभर खापर एका जागी दिसलं, तर पायाखाली साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती असू शकते.

याखेरीज आजच्यापेक्षा खूप मोठ्या आकाराच्या भाजक्या विटा, गारगोटीची धारदार पाती, छिद्र पाडलेले तांबडे अकीक मणी, हिरवा गंज चढलेलं तांबं, शिशाची किंवा तांब्याची ओबडधोबड नाणी, अक्षरं कोरलेले पत्रे म्हणजे ताम्रपट, वीरगळ, सतीशिळा, शापाचे दगड म्हणजे गद्धेगळ. विदर्भात मोठ्या दगडांची वर्तुळं असतात. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी इथे ती आहेत. अशा वर्तुळांखाली लोहयुगातली दफनं असतात, म्हणून शेत सपाट करताना त्यांचे दगड बांधावर टाकू नयेत. कोकणात जांभ्याच्या सड्यावर कोरलेली कातळशिल्पं आहेत. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब आहे. अशा आकृत्यांवरून चिरेखाणीचं यंत्र एकदा फिरलं की काहीच उरत नाही.

पहिल्या तासात काय करावं

१. काम थांबवा. संपूर्ण शेताचं काम थांबवायची गरज नाही. वस्तू मिळाली त्या जागेभोवती काही फूट जागा मोकळी सोडा. जेसीबी मागे घ्या.

२. वस्तू उपटू नका. अर्धी मातीत असेल तर अर्धीच राहू द्या. ‘अजून काय आहे ते बघू’ म्हणून केलेलं उकरणं हेच सर्वांत मोठं नुकसान असतं.

३. फोटो काढा. आधी लांबून, आजूबाजूचं झाड, बांध, विहीर दिसेल असा. मग जवळून, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून, म्हणजे आकार कळेल. मोबाइलमध्ये जागेचं स्थान चालू ठेवा. खोली मोजा, तारीख आणि वेळ वहीत लिहा.

४. धुऊ नका, घासू नका. तांब्यावरचा हिरवा थर म्हणजे घाण नव्हे. चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर लावली की त्यासोबत नाण्यावरची अक्षरंही जातात. मडक्यातली माती ओतून टाकू नका, तिच्यात दाणे, मणी, राख असू शकते. फुटलेलं भांडं डिंक किंवा फेव्हिकॉलने जोडू नका.

५. झाकून ठेवा. ऊन आणि पावसापासून बचाव होईल इतपत ताडपत्री किंवा गोणपाट पुरे. कडेला दगड ठेवा, वस्तूवर ठेवू नका.

६. समाजमाध्यमांवर टाकू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर जागेचा फोटो गेला की रात्री कुदळ घेऊन येणारे दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाहीत. पंचनामा होईपर्यंत माहिती घरच्यांत आणि अधिकाऱ्यांपाशी ठेवा.

७. वस्तू आधीच बाहेर आली असेल तर परत पुरू नका. ती कुठून आली, किती खोलीवरून, कोणत्या ढिगाऱ्यातून, हे लिहून ठेवा. तिच्याभोवतीची थोडी मातीही वेगळ्या पिशवीत जपा. धातूच्या वस्तू कोरड्या ठेवा. नाणी एकमेकांना चिकटली असतील तर चिकटलेलीच राहू द्या.

८. हाडं निघाली तर. माणसाची हाडं असतील तर ती प्राचीनच असतील असं आपण ठरवू नये. आधी पोलिसांना कळवा. तोवर झाकून ठेवा. इनामगावसारखी मुलांची मडक्यातली दफनं पाहून भानामतीच्या किंवा करणीच्या शंकेने मडकी फोडून टाकू नका. ते कोणत्या तरी आईबापांनी केलेलं दफन आहे. त्याचा मान राखला पाहिजे.

कायदा काय सांगतो

इंग्रजी अमदानीतला भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ आजही यासाठी वापरला जातो. मातीत किंवा मातीला जोडलेल्या गोष्टीत दडलेली कोणतीही मूल्यवान वस्तू म्हणजे या कायद्याच्या दृष्टीने निधी. तिचं मूल्य १० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर सापडवणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायला हवं. कळवण्यात तीन गोष्टी असाव्या लागतात: काय सापडलं आणि अंदाजे मूल्य किती, कुठे सापडलं, कोणत्या तारखेला सापडलं. सोबत वस्तू जवळच्या शासकीय कोषागारात जमा करायची, किंवा मागणी होईल तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. वस्तू जागेवरून न हलवण्याची विनंती अर्जातच करावी, म्हणजे तपासणी आधी होते आणि जमा करणं मागाहून.

त्यानंतर जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात. दावा सांगणाऱ्यांना हजर राहण्यासाठी नोटिशीपासून किमान चार आणि जास्तीत जास्त सहा महिन्यांनंतरची तारीख असते. गेल्या १०० वर्षांत आपल्या पूर्वजांनी हे पुरलं होतं, असं कोणी म्हणालं तर त्याला दिवाणी न्यायालयात ते सिद्ध करण्याची संधी मिळते. निधी बेवारस ठरला आणि जमिनीचा मालक वेगळा असेल, तर दोघांचा करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याचा आणि उरलेला मालकाचा. सरकारला तो निधी हवा असेल तर धातूची किंमत आणि त्यावर एक पंचमांश रक्कम देऊन सरकार तो घेऊ शकतं.

न कळवणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लपवायला साथ देणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंतची कैद आहे. म्हणजे सांगणाऱ्याचा हक्क शाबूत राहतो आणि लपवणाऱ्याचा बुडतो.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंबद्दलचा. १०० वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, चित्रं, शिलालेख, कारागिरीच्या वस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं, कागदपत्रं यांना पुरावस्तू म्हणतात. परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही. खाजगी व्यक्तीने त्या देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. घरात पिढीजात मूर्ती, जुनी चित्रं किंवा सचित्र पोथ्या असतील, तर त्यांची नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करून घ्यावी. नोंदणी झाली म्हणून मालकी जात नाही. उलट चोरी झाली तर तोच कागद कामी येतो.

तिसरा कायदा संरक्षित स्मारकांचा, १९५८ चा. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. स्मारकाची नासधूस किंवा तिथली शिल्पं हलवणं यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे. गोव्यात १९७८ चा.

कळवायचं कुणाला आणि कसं

तलाठी आणि पोलीस पाटील हे गावातले पहिले दुवे. पण तोंडी सांगून थांबू नका. जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि प्रती तहसीलदार, पोलीस ठाणे आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला पाठवा. प्रत्येक प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. अर्ज असा करता येईल:

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जिल्हा ........
विषय: मौजे ........ येथील गट क्र. ........ मध्ये जुन्या वस्तू आढळल्याबाबत.
महोदय/महोदया,
मी ........, राहणार ........, कळवतो/कळवते की दि. ........ रोजी वरील गटात विहिरीचे खोदकाम सुरू असताना सुमारे ........ फूट खोलीवर पुढील वस्तू आढळल्या: (वर्णन, संख्या, अंदाजे मूल्य). वस्तू जागेवरच ठेवल्या असून त्या ठिकाणचे काम थांबवले आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ च्या कलम ४ नुसार ही सूचना देत आहे. वस्तू न हलवता पुरातत्त्व विभागामार्फत जागेची तपासणी होऊन पंचनामा व्हावा आणि त्याची प्रत मला मिळावी, ही विनंती. कायद्यानुसार मिळणारे माझे हक्क मी राखून ठेवत आहे. सोबत छायाचित्रे जोडली आहेत.

पंचनाम्यात वस्तूंची संख्या, वजन, माप आणि फोटो यांचा उल्लेख आहे का, ते सही करण्यापूर्वी वाचून घ्या. ‘काही जुनी नाणी’ असं मोघम लिहू देऊ नका. नाणी असतील तर मोजून आकडा लिहायला लावा. आपलं नाव सापडवणारा म्हणून नोंदवलं जाईल याकडे लक्ष द्या.

‘जमीन जाईल’ ही भीती

लोक गप्प बसतात ते बहुतेक वेळा याच भीतीने. शेतात नाणी किंवा खापरं मिळाली म्हणून जमीन आपोआप सरकारची होत नाही. एखादी जागा संरक्षित घोषित करायची तर सरकारला अधिसूचना काढावी लागते आणि केंद्रीय कायद्यात हरकत घेण्यासाठी दोन महिन्यांची मुदत आहे. जमीन संपादित करायची झाली तर मोबदला द्यावा लागतो. बहुतांश ठिकाणी तपासणी होते, नोंद होते आणि पीक पुन्हा उभं राहतं. तपासणीपर्यंत त्या तुकड्यातलं काम थांबतं, ही गैरसोय खरी आहे. लेखी अर्जाच्या पोचेमुळे ‘लवकर तपासणी करा’ असा पाठपुरावा करता येतो, म्हणून अर्ज पहिल्याच दिवशी द्यावा.

एक मागणीही इथे केली पाहिजे. १८७८ च्या कायद्यात सापडवणाऱ्याला मिळणारा मोबदला धातूच्या किमतीवर बेतलेला आहे. खापराला, मण्याला, शिलालेखाला तर धातूची किंमतच नाही. ब्रिटनने १९९६ च्या कायद्याने निधीचा मोबदला बाजारमूल्यावर ठरवायची सोय केली. आपल्याकडेही प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला योग्य रक्कम मिळावी आणि संग्रहालयातल्या फलकावर त्याचं नाव यावं. छबू लक्ष्मण भिल यांचं नाव अभ्यासकांच्या ग्रंथांत आहे. ते शाळेच्या पुस्तकातही असायला हवं.

गुप्तधन, भंगार आणि दलाल

हंडा काढून देतो म्हणणारा मांत्रिक आणि मशीन लावून सोनं दाखवतो म्हणणारा माणूस, दोघांनाही घराच्या आत येऊ देऊ नका. गुप्तधनाच्या शोधात अघोरी प्रकार करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे. या नादापायी वीरगळ उपटले गेले, मंदिरांचे गाभारे खणले गेले, माणसांचे जीवही गेले.

विक्रीचा मोह टाळा, कारण त्यात सापडवणारा कधीच श्रीमंत होत नाही. १९७६ साली तमिळनाडूतल्या पत्तूर इथे एका मजुराला खोदताना चोळकालीन नटराज सापडला. किरकोळ पैशांत विकला गेलेला तो नटराज हातोहात लंडनला पोहोचला. तिथल्या न्यायालयात वर्षानुवर्षं खटला चालला आणि १९९१ साली मूर्ती भारतात परतली. पैसा मधल्या दलालांनी केला. मजुराच्या वाट्याला चौकशी आली.

गडप्रेमींसाठीही दोन शब्द. तोफगोळे, शिवराई, जुनी खापरं गडावर दिसतात, ती तिथेच राहू द्या. २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. मेटल डिटेक्टर घेऊन गड फिरणारे दिसले, तर त्यांच्याशी वाद घालत बसू नका. फोटो काढा आणि पोलिसांना कळवा. कातळशिल्पांच्या रेषा फोटोसाठी खडूने किंवा चुन्याने भरू नका. शिलालेखाला ऑइलपेंट लावू नका. अलिबागजवळ आक्षीचा शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मराठी शिलालेख गद्धेगळावर कोरलेला आहे आणि तो रस्त्याच्या कडेला उभा होता. आपल्या गावच्या वेशीवरच्या दगडावर काय आहे, हे वाचून होईपर्यंत रंगाचा डबा उघडू नये.

ज्यांचा वारसा, त्यांना विचारा

कायदा पाळला म्हणजे सगळं झालं, असं नाही. आदिवासी भागात जुन्या आणि चालत्या परंपरा एकाच जागी नांदतात. नाशिक-पालघरच्या डोंगरातला वाघदेव, पूर्वजांच्या नावाने उभे केलेले दगड, देवराईतल्या मूर्ती, या पुरावस्तू असतील, पण त्याआधी त्या कोणाच्या तरी पूजेच्या आहेत. गडचिरोलीत माडिया गोंड आजही मृतांच्या स्मरणार्थ दगड उभारतात. तिथला दगड हा ‘शोध’ नव्हे. त्याचे नातेवाईक गावातच आहेत. पेसा कायद्याने, १९९६ पासून, अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिला आहे. म्हणून अभ्यासक, छायाचित्रकार, ट्रेकर यांनी आधी ग्रामसभेला विचारावं, नको म्हटलं तर मागे फिरावं, आणि जे लिहू, छापू त्याची प्रत गावात द्यावी.

परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींनाही हे लागू आहे. अमेरिकेत संघराज्याच्या आणि मूलनिवासी टोळ्यांच्या जमिनीवरच्या १०० वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७९ च्या कायद्याचं संरक्षण आहे. राष्ट्रीय उद्यानात तर बाणाचं दगडी टोकही खिशात घालायला मनाई आहे. मुलांनी उचललं तर त्यांना परत ठेवायला शिकवा आणि रेंजरला दाखवा. मूलनिवासींचे अवशेष आणि पवित्र वस्तू त्यांच्या वंशजांना परत देण्यासाठी तिथे १९९० पासून कायदा आहे. वॉशिंग्टन राज्यात १९९६ साली कोलंबिया नदीकाठी आठ हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाचा सांगाडा मिळाला. अभ्यासक आणि मूलनिवासी यांच्यात तो वाद दोन दशकं चालला. डीएनए तपासणीने तो त्यांचाच पूर्वज असल्याचं दाखवल्यानंतर २०१७ साली त्यांनी त्याचं पुन्हा दफन केलं.

ऑस्ट्रेलियात मे २०२० मध्ये एका खाणकंपनीने जूकन घळीतले, ४६ हजार वर्षांचा मानवी वावर असलेले शैलाश्रय सुरुंग लावून उडवले. तिथल्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे त्याला परवानगी होती. ज्यांचे पूर्वज तिथे राहिले, त्या पुतू कुंती कुरामा आणि पिनिकुरा लोकांचा आवाज मात्र ऐकला गेला नाही. कायदेशीर असूनही ते चूकच होतं, हे पुढे कंपनीलाही मान्य करावं लागलं.

आजच करता येईल असं

वस्तू निघण्याची वाट पाहण्याचं कारण नाही. ग्रामपंचायतीच्या फलकावर तहसीलदार, पोलीस ठाणे आणि पुरातत्त्व विभागाच्या विभागीय कार्यालयाचे दूरध्वनी लिहून ठेवा. जेसीबीचालक, विहीर खोदणारे आणि वीटभट्टीवाले यांना गावसभेत या सूचना वाचून दाखवा. शाळेतल्या मुलांना घेऊन गावातले वीरगळ, शिलालेख, पांढरीची टेकाडं यांची एक वही तयार करा, फोटो आणि गट क्रमांकासह. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावातल्या जुन्या वस्तू जमवून जपल्या. आज तिथलं शासकीय संग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

जमीन सातबाऱ्यावर आपल्या नावावर असते. तिच्या पोटात जे आहे, ते आपल्या आधी इथे राबलेल्या माणसांचं आहे आणि आपल्या नंतरच्यांचंही. म्हणून खोदताना कुदळीला काही वेगळं लागलं, तर तिथेच थांबा, फोटो काढा आणि त्याच दिवशी अर्ज द्या.